उसने ‘होते’

‘तो म्हणाला की तो येणार होता.’ भाषांतरित कादंबरी वाचणाऱ्यांना असे वाक्य आता सरावाचे झाले आहे. वाचणारा अडखळत नाही, संपादक खूण करीत नाही, आणि परीक्षणकर्ता भाषांतराच्या भाषेकडे सहसा वळतच नाही. पण हे वाक्य क्षणभर केवळ मराठी वाक्य म्हणून वाचून पाहावे. मराठीत ‘येणार होता’ म्हणजे यायचे ठरले होते, पण आला नाही. बेत होता, तो फिसकटला. मूळ इंग्रजीत मात्र त्या बिचाऱ्याने ‘मी येईन’ एवढेच सांगितलेले असते. भाषांतरकाराने एका साध्या आश्वासनाचे मोडलेले आश्वासन केले आणि पात्राच्या माथी वचनभंग मारला. शिवाय दुसरा ‘तो’ कोण, म्हणणाराच की आणखी कोणी, हा प्रश्न उरतोच. सहा शब्दांच्या वाक्यात दोन घोटाळे, आणि दोहोंचे मूळ एकच: इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात क्रियापदाचा काळ कसा ठरतो याविषयीचे आपले शालेय अज्ञान.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. इंग्रजीच्या व्याकरणात नाक खुपसण्याचे आम्हाला कारण काय, असे आमचे इंग्रजी विभागातले स्नेही विचारतील. कारण सरळ आहे. इंग्रजीच्या तासाला जे अर्धवट शिकवले जाते, त्याची किंमत मराठीच्या तासाला मोजावी लागते. आमच्यापुढे येणारे निबंध, कथा, भाषांतराचे उतारे आणि अलीकडे शोधप्रबंधसुद्धा या उसन्या ‘होते’ने भरलेले असतात. ‘मर्ढेकरांनी म्हटले की सौंदर्य हे लयीत होते’ अशा थाटाचे वाक्य वाचले की आता लयीतून सौंदर्य निघून गेले आहे की काय, अशी शंका येते. तेव्हा ही घुसखोरी नव्हे, आत्मसंरक्षण आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजी अप्रत्यक्ष कथनातला काळ हा पुष्कळदा सांगणाऱ्याने घेतलेला निर्णय असतो, आपण तो यांत्रिक बदल म्हणून शिकवतो, आणि यंत्राची सवय लागलेला हात मराठी लिहू लागला की तेथेही तेच चाक फिरवतो.

हे यंत्र कसे चालते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे, कारण ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ हा आपल्याकडच्या शाळांतला जणू सतरावा संस्कार आहे. अवतरणचिन्हे काढा, ‘दॅट’ घाला, ‘इज’चे ‘वॉज’ करा, ‘विल’चे ‘वुड’ करा, ‘हॅज’चे ‘हॅड’ करा. ‘नाउ’चे ‘देन’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’. वाक्य उद्गारवाचक असेल तर ‘अलास’ पुसून ‘एक्सक्लेम्ड विथ सॉरो’ आणि ‘हुर्रे’ पुसून ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’. दुसऱ्याला झालेला आनंद सांगताना कोणता इंग्रज असे बोलतो, हे विचारण्याची सोय त्या वर्गात नसते. तेथे वाक्य कोणी, कोणाला, केव्हा आणि कशासाठी सांगितले हे प्रश्नच संभवत नाहीत. समजा, सकाळी दहा वाजता एक बाई फोनवर म्हणाल्या, मी उद्या येईन. दुपारी दोन वाजता हा निरोप इंग्रजीत देणारा माणूस सहजपणे ‘शी सेड शी विल कम टुमॉरो’ म्हणेल, कारण उद्या अजून उजाडलेला नाही. उत्तरपत्रिकेत मात्र हे चूक. तेथे ‘वुड’ हवे, ‘द नेक्स्ट डे’ हवे. निरोप त्याच दिवशी दिला की दहा वर्षांनी, याच्याशी परीक्षकाला कर्तव्य नसते. काळाचा धडा शिकवायचा आणि घड्याळ मात्र वर्गाबाहेर ठेवायचे, असा हा प्रकार आहे.

या तक्त्याचे पितृत्व आपल्याकडे बहुधा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाला दिले जाते. १९३०च्या दशकातल्या या पुस्तकावर आपल्या देशातल्या कित्येक पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले. यातले पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ (१९२४) या गाजलेल्या साहसकादंबरीचे लेखक. गोष्ट सांगताना काळाशी कसे खेळावे हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्या पुस्तकातही वैश्विक सत्याचा अपवाद आहे आणि सांगण्याचे क्रियापद वर्तमानात असेल तर आतला काळ बदलत नाही, हेही दिलेले आहे. पण आपल्या शिकवण्यांनी आणि गाइडांनी त्या अपवादांचीही आरती केली. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्य आले की काळ बदलायचा नाही, बाकी सर्वत्र बदलायचा. वैश्विक सत्य कोणाच्या मते सत्य, हा त्या अपवादाच्या पोटातला खरा प्रश्न आजतागायत फळ्यावर आलेला नाही.

नियमाची वंशावळ पाहिली तर गंमत वाटते. लॅटिनमध्ये मुख्य वाक्याच्या काळाशी गौण वाक्यातल्या क्रियापदाचा मेळ घालणारे काटेकोर नियम आहेत. लॅटिनच्या साच्यात इंग्रजी ओतणाऱ्या पंडितांनी ‘काळांचा अनुक्रम’ ही कल्पना इंग्रजीलाही लावली. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९२४ साली ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात काळ मागे सरकण्याच्या या प्रकाराला ‘बॅक-शिफ्टिंग’ म्हटले आणि त्याची चिकित्सा केली. १९८५ साली क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक यांच्या बृहद्‌व्याकरणाने स्पष्टपणे नोंदवले की सांगितलेली गोष्ट सांगण्याच्या क्षणीही लागू असेल तर काळ मागे नेणे ऐच्छिक असते. २००२ साली आलेले हडलस्टन आणि पुलम यांचे केंब्रिज व्याकरणही अशा वाक्यांत दोन्ही काळांना जागा देते. म्हणजे आपल्या तक्त्याला आव्हान देणारे ज्ञान चाळीस वर्षे ग्रंथालयाच्या मांडणीवर उभे आहे. तेथून वर्गापर्यंतचे अंतर त्याला तोडता आलेले नाही, इतकेच.

ऐच्छिक म्हणजे मनाला येईल तसे, असे मात्र नव्हे. निवड आली की तिच्याबरोबर जबाबदारी येते. एखाद्या मंत्र्याने काल सांगितले की धरण सुरक्षित आहे. इंग्रजी बातमीदारापुढे दोन वाटा असतात: ‘द मिनिस्टर सेड दॅट द डॅम वॉज सेफ’ आणि ‘द मिनिस्टर सेड दॅट द डॅम इज सेफ’. ‘वॉज’ लिहिल्याने धरण आता धोक्यात आहे असे सूचित होत नाही. बातमीदार एवढेच म्हणतो की हे मंत्र्यांचे वाक्य आहे, त्याचे पुढे काय ते मंत्री जाणोत. ‘इज’ लिहिताना मात्र तो त्या सुरक्षिततेला आजच्या दिवसात ओढून आणतो, आणि काही अंशी तिला आपलाही खांदा देतो. धरणाच्या खाली राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोन शब्दांतला फरक व्याकरणापुरता नाही. तो बातमीच्या नीतीचा आहे. आपल्या विद्यार्थ्याला आपण यातले काय शिकवतो? ‘इज’चे ‘वॉज’ केले नाही तर अर्धा गुण जाईल, एवढेच.

आता टॉलेमीकडे वळू. ‘टॉलेमी म्हणाला की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो.’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ते लिहिणाऱ्याला टॉलेमीचा अनुयायी कोणी समजणार नाही. पण हेच वाक्य इंग्रजीत ‘गोज’ घालून लिहिले तर वाचणारा लिहिणाऱ्याच्या खगोलज्ञानाविषयी साशंक होईल. तेथे ‘वेंट’च हवे. कोपर्निकसच्या बाबतीत मात्र दोन्ही चालतील, कारण त्याचे म्हणणे आपल्यालाही मान्य आहे. किंवा असे समजा की दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितले की अमुक गृहस्थ उपोषणाला बसले आहेत. मराठीत ‘दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला की ते उपोषणाला बसले आहेत’ हे सहज चालते. इंग्रजीत ‘इज’ ठेवले तर ते गृहस्थ दोन वर्षे अन्नावाचून बसलेले ठरतील. म्युर्वेत एन्च यांनी १९८७ साली अशा वाक्यांतल्या काळाची केलेली चिकित्सा भाषावैज्ञानिकांना परिचित आहे. त्यानंतर या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले. आम्ही त्याचे सार वर्गाला कळेल अशा शब्दांत असे सांगू: ‘म्हणाला’ अशा भूतकाळी क्रियापदाखाली वर्तमानकाळ आला की इंग्रजीत त्याला दोन मालक असतात, बोलणारा आणि सांगणारा, मराठीत त्याला एकच मालक असतो, बोलणारा. ही एवढी गोष्ट मराठी मुलाला सांगितली तर ‘वॉज’ केव्हा आणि का हे त्याला उमजेल. तक्ता पाठ करून ते उमजणार नाही, कारण त्याच्या मातृभाषेत या काळाचे काम वेगळे आहे हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

यांत्रिक बदलात काय बुडते, याचे आणखी एक उदाहरण घेऊ. ‘मी दार लावले’, ‘मी दार लावले आहे’, ‘मी दार लावले होते’ ही तीन वाक्ये मराठी माणसाला तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिल्यात एक घटना आहे. दुसऱ्यात दार या क्षणी बंद आहे. तिसऱ्यात लावलेले दार नंतर कोणी तरी उघडले असावे, असा वास आहे. इंग्रजीतही अशी तीन रूपे आहेत. पण तक्त्यातून काढली की तिन्हींचे एकच होते: ‘ही सेड ही हॅड लॉक्ड द डोअर’. जाणता इंग्रजी लेखक गरज पडेल तेथे साधा भूतकाळ तसाच ठेवतो किंवा संदर्भाने अर्थ सावरून घेतो. आपला भाषांतरकार मात्र ‘हॅड’ दिसले की डोळे मिटून ‘त्याने सांगितले की त्याने दार लावले होते’ असे लिहितो. मराठी वाचक लगेच कान टवकारतो: मग उघडले कोणी? रहस्यकथेत तर हा घात आहे. लेखकाने न ठेवलेला पुरावा भाषांतरकाराने घटनास्थळी नेऊन ठेवला!

रहस्यकथेत निदान कोणाचे आयुष्य पणाला लागत नाही. आपल्या राज्यातल्या खालच्या न्यायालयांत साक्षीदार बहुधा मराठीत बोलतो. अपील उच्च न्यायालयात गेले की ती साक्ष इंग्रजी भाषांतरातून वाचली जाते, कारण राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीला बांधलेले आहे. ‘तो म्हणाला की मी दार लावले आहे’ आणि ‘तो म्हणाला की मी दार लावले होते’ ही दोन वाक्ये एकाच ‘हॅड’मध्ये विरघळली, तर दार नेमके केव्हा बंद होते हा प्रश्न कोणी विचारायचा? अशी भाषांतरे करणारी माणसे आपल्याच वर्गांतून गेलेली असतात. ‘हे तर शुष्क व्याकरण’ म्हणून नाक मुरडणाऱ्या साहित्यप्रेमी सहकाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता आपल्या घराकडे पाहू. दुसऱ्याचे बोलणे सांगण्यासाठी मराठीजवळ एक शिडीच आहे. ‘ “मी येतो,” तो म्हणाला.’ ही तिची एक पायरी. ‘तो म्हणाला की मी येतो.’ ही दुसरी; अवतरणचिन्हे गेली, पण काळ आणि पुरुष बोलणाऱ्याचेच राहिले. ‘आपण येऊ असे तो म्हणाला’ यात ‘मी’ जाऊन ‘आपण’ आले. हे ‘आपण’ फार मोलाचे आहे, कारण ते नेमके बोलणाऱ्याकडेच बोट दाखवते. तो कोणता ‘तो’, हा घोळ राहत नाही. ‘तो येतो म्हणाला’ ही बोलीतली सर्वांत आटोपशीर पायरी. ‘त्याने येणार असल्याचे सांगितले’ ही वृत्तपत्री पायरी. तेथे बोलणाऱ्याचा आवाज पुसट झाला आणि उरला तो आशय. आणि ‘तो येणार म्हणे’ ही शेवटची, जेथे सांगणाऱ्याने खबर दिली पण हात झटकून टाकले. इंग्रजी ज्या अलिप्ततेसाठी ‘इज’चे ‘वॉज’ करते, तिच्यासाठी आपल्याकडे ‘म्हणे’ हा स्वतंत्र शब्द आहे. जर्मन वृत्तपत्रे अशा वेळी क्रियापदाचे वेगळे अर्थरूप वापरतात. तुर्की भाषेत ऐकीव माहितीसाठी क्रियापदाला निराळा प्रत्यय लागतो. प्रत्येक भाषा दुसऱ्याचे बोलणे आणि आपले उत्तरदायित्व यांच्यामध्ये कोठे तरी रेघ ओढते. इंग्रजीने ती काळावर ओढली, आपण ती सर्वनामावर, ‘म्हणे’वर आणि ‘असल्याचे’, ‘असल्याचा दावा’ यांसारख्या रचनांवर ओढली. या सबंध शिडीवर ‘तो म्हणाला की तो येणार होता’ ही पायरी आश्वासनाच्या अर्थाने कोठेच नाही.

येथे काही विद्वान हळूच सांगतात की मराठीत खरे अप्रत्यक्ष कथनच नाही. ‘की’च्या पुढे जे येते ते चिन्हांवाचूनचे प्रत्यक्ष कथनच होय. मराठी म्हणे अजून बोलीच्या पातळीवर आहे, प्रगल्भ गद्याला काळाचा अनुक्रम हवा. हा युक्तिवाद म्हणजे आपल्या अंगाला दुसऱ्याचा अंगरखा बसत नाही म्हणून अंगालाच दोष देणे होय. संस्कृताने ‘इति’च्या बळावर दुसऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत ठेवून मोठमोठी शास्त्रे उभी केली; पूर्वपक्ष मांडताना काळ मागे सरकवण्याची गरज कोणा भाष्यकाराला भासली नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हे तर दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे जपण्याच्या ध्यासातूनच निर्माण झाले. ज्या भाषेचे आद्य गद्य बोलणाऱ्याच्या शब्दाशी इमान राखण्यासाठी लिहिले गेले, तिला अप्रत्यक्ष कथनाच्या नावाने हिणवणे हे विद्वत्तेचे नव्हे, न्यूनगंडाचे लक्षण आहे. ‘आपण’ची आणि ‘असल्याचे’ची रचना पाहिली तर मराठीत अप्रत्यक्ष कथन नाही हे विधान वस्तुस्थितीलाही धरून नाही.

या न्यूनगंडाचा एक विलक्षण परिणाम रशियन साहित्याच्या बाबतीत दिसतो. बर्नार्ड कॉम्री यांनी ‘टेन्स’ (१९८५) या पुस्तकात इंग्रजी आणि रशियन यांची या संदर्भात तुलना केली आहे. रशियन भाषा अप्रत्यक्ष कथनात बोलणाऱ्याचा काळ कायम ठेवते. ‘तो म्हणाला की तो आजारी आहे’ असेच ती म्हणते. म्हणजे या बाबतीत चेखव आणि आपण एकाच अंगणातले. पण थेट रशियनमधून झालेली भाषांतरे सोडता चेखव आपल्याकडे इंग्रजीच्या दारातून आला. त्या दारात त्याच्या ‘आहे’चे इंग्रजीच्या रीतीप्रमाणे रास्तपणे ‘वॉज’ झाले. आणि आपल्या उंबरठ्यावर त्या ‘वॉज’चे विनाकारण ‘होता’ झाले. चेखवच्या पात्राला जे आज, आत्ता, या क्षणी दुखत होते, ते मराठीत पोहोचेपर्यंत कालचे होऊन गेले. दोन शेजारी भाषांनी एकमेकींशी बोलावे आणि मधल्या दुभाष्याने दोघींच्याही तोंडी नसलेला काळ घुसडावा, असा हा व्यवहार आहे.

आमच्या म्हणण्यावर काही आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला परीक्षेचा. ग्रामीण भागातल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला एक ठाम नियम हवा असतो. त्याच्यापुढे निवडीचा घोळ कशाला? हा आक्षेप करुणेचा वेष घालून येतो, पण आत मुलाविषयीचा अविश्वासच असतो. ज्या मुलाला घरी ‘येतो म्हणाला’, ‘येणार म्हणे’ आणि ‘येणार होता’ यांतला फरक पाचव्या वर्षापासून बिनचूक कळतो, त्याला निवड कळणार नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? काळ मागे नेणे हे इंग्रजीतले नेहमीचे सुरक्षित वळण आहे, हे त्याला जरूर सांगावे. पण ते का सुरक्षित आहे आणि केव्हा सोडावे लागते, हेही सांगावे. नियम कारणासकट दिला तर तो अधिक टिकतो, हा अध्यापनाचा जुनाच अनुभव आहे.

दुसरा आक्षेप मूळ संहितेशी निष्ठेचा. लेखकाने भूतकाळ वापरला, मग आम्ही वर्तमान कसा लिहावा? पण ‘ही सेड ही वॉज इल’ यातला ‘वॉज’ सामान्यतः व्याकरणाने मागितलेला असतो. त्यातून लेखकाला आजार होऊन गेला असे म्हणायचे नसते. ‘आपण आजारी आहोत असे तो म्हणाला’ हेच त्याचे निष्ठावंत भाषांतर होय. रूपाशी निष्ठा ठेवून अर्थाशी द्रोह करण्याला भाषांतर म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला आम्ही मान देतो. भाषा बदलते, मराठी गद्याने इंग्रजीकडून पुष्कळ घेतले, त्यातून ती समृद्धच झाली. मग हे ‘होते’ही का घेऊ नये? उत्तर असे की त्यातले घेण्याजोगे ‘होते’ आपण केव्हाच घेतले आहे. ‘उद्या परीक्षा होती. पुस्तक उघडावेसे वाटत नव्हते.’ यात ‘उद्या’ पात्राचा आहे आणि ‘होती’ निवेदकाची; दोन आवाज एका वाक्यात मिसळले आहेत. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’पासून (१८१५) व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’पर्यंत (१९२५) इंग्रजी कादंबरीने या मुक्त अप्रत्यक्ष निवेदनाची किमया साधली. शार्ल बाली यांनी १९१२ साली फ्रेंचमध्ये त्याला नाव दिले, आणि आपल्या नवकथेने मनाच्या आतल्या हालचाली टिपताना त्याचा सुंदर उपयोग करून घेतला. असे गद्य मराठीत आणताना ‘होते’ ठेवलेच पाहिजे. तेथे वर्तमानकाळ घालणे म्हणजे दुसऱ्या टोकाचे यंत्र चालवणे होईल. पण या ‘होते’मागे लेखकाचा हेतू असतो. ‘म्हणाला की’च्या पुढे येणाऱ्या उसन्या ‘होते’मागे केवळ शाळेतल्या तक्त्याची आठवण असते. पहिल्याने मराठीला एक नवा आवाज दिला. दुसऱ्याने असलेली ‘येतो म्हणाला’, ‘आपण येऊ असे म्हणाला’ ही वळणे हळूहळू पुसायला घेतली आहेत. समृद्धी आणि झीज यांतला फरक ओळखता यावा, एवढ्यासाठी तर साहित्याचा अभ्यास करायचा.

तेव्हा आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत सुटे वाक्य देऊन ‘रूपांतर करा’ म्हणण्याऐवजी कोण, कोणाला, केव्हा सांगतो आहे एवढा प्रसंग तरी द्यावा. आणि दोन उत्तरे शक्य असतील तर दोन्हींना गुण देऊन त्यांतला फरक विचारावा. मराठीच्या भाषांतराच्या तासाला इंग्रजी उताऱ्यातले प्रत्येक ‘सेड दॅट’ थांबवून मूळ बोलणाऱ्याच्या तोंडचे वाक्य काय असेल ते आधी विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे. मग मराठीच्या शिडीवरची योग्य पायरी त्याला निवडू द्यावी. इंग्रजी आणि मराठी विभागांनी वर्षातून निदान चार तास एकत्र घेऊन दोन्ही भाषांतले काळ समोरासमोर ठेवावेत. एकाच इमारतीत शेजारी बसणाऱ्या दोन विभागांना हे अशक्य नसावे. आणि भाषांतरित पुस्तकांच्या परीक्षणकर्त्यांनी ‘भाषांतर ओघवते झाले आहे’ हे ठरावीक प्रशस्तिपत्र देण्याआधी पुस्तकातली दहा ‘म्हणाला की’ तरी तपासावीत.

यासाठी आयोग नको, अनुदान नको, नवा अभ्यासक्रमही नको. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण त्याच्यातर्फे बोलत असतो, ही जाणीव पुरेशी आहे. ज्याने ‘येतो’ म्हटले, तो आला की नाही हे कथा पुढे सांगेलच. भाषांतरकाराने त्याला उंबऱ्याबाहेरच अडवू नये.